रस्ता ओलांडून देणारी बाई

बालवाडी सुरू झाली ती माझ्या सासूच्या रागातून. एरवी ती शांत बाई. पण एक दिवस मिनाच्या रस्त्याने चालत घरी आली, अंगणात उभी राहिली आणि चपला न काढताच म्हणाली, “थंय झाडाक भुरगीं बांदल्यांत. वासरां बांदतात तशीं.”

खाणीला आमच्याकडे मीन म्हणतात. पोर्तुगीज गेले, शब्द राहिला. डिचोली तालुक्यातला आमचा गाव तेव्हा मिनावरच जगत होता. ज्यांच्याकडे थोडंफार होतं त्यांनी ट्रक घेतले होते, बाकीचे कुणाच्या ना कुणाच्या ट्रकावर कामाला होते. खनिज फोडायला आणि भरायला पलीकडच्या सिंधुदुर्गातून माणसं येत. त्यांच्या खोपी रस्त्याच्या पलीकडे, गाव अलीकडे. नवरा-बायको दोघंही कामावर जात आणि खोपीत पोर सांभाळायला म्हातारं माणूस नसे. मग आया जुन्या लुगड्याच्या पट्टीने मुलांना काजूच्या झाडाला बांधून जात. पट्टी मोजूनमापून ठेवलेली असे. मुलाला सावलीत फिरता यावं, पण ट्रकांपर्यंत पोचता येऊ नये एवढी.

हे कळल्यावर सासूचा राग त्या आयांवरून उतरला आणि माझ्यावर आला. “तूं शिकल्लें न्ही? मगीर घरांत बसून कितें करता?”

माझं माहेर पार्से गावचं. गोवा मुक्त झाल्यावर गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्यांत ज्या मुली पहिल्यांदा पाटी घेऊन गेल्या त्यांतली मी एक. अकरावी झाले, लग्न झालं, इथे आले. माझे यजमान डिचोलीला कचेरीत कारकून होते. मूल अजून झालं नव्हतं. सासूच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून बालवाडी चालवायला मी हो म्हटलं.

या लिहिण्यात मी कुणाचं नाव घालणार नाही. गाव लहान आहे, आणि ज्यांच्यावर बेतलं ती माणसं अजून एकमेकांच्या दारावरून जातात.

सासूने आमचा पुढचा सोपा मोकळा करून दिला. तिथे सुपारीची पोती असत, ती माळ्यावर गेली. मग एकेक माणूस यायला लागलं. ट्रकांच्या मागे फुलं, मोर आणि देवांची नावं रंगवणारा एक पेंटर गावात होता. त्याने पत्र्याच्या तुकड्यांवर मुळाक्षरं रंगवून दिली. प्रत्येक अक्षराभोवती ट्रकावर असते तशीच वेलबुट्टी होती. माझ्या मते ती जास्त झाली होती, पण मुलं त्या वेलबुट्टीसाठीच अक्षराजवळ येत. कुंभार मळलेली माती आणून टाकी. शिंप्याने चिंध्यांच्या बाहुल्या शिवून दिल्या. पाववाला पोदेर सकाळी पाव ठेवून जाई आणि पैशाचं विचारलं की सायकलचा भोंपू वाजवत निघून जाई. दुपारची पेज गावातल्या बायका आळीपाळीने करत. कुणाच्या पेजेत खोबरं जास्त पडतं यावर त्यांच्यात थोडी चढाओढही होती. एका ट्रकवाल्याने जुना टायर आणून आमच्या फणसाला झोपाळा बांधून दिला. तो शेजारच्याच वाड्यावरचा, स्वतःचा ट्रक स्वतः चालवणारा तरुण माणूस. त्याची मुलगी बालवाडीत होती. कुरळ्या केसांची, हट्टी, गोड.

सगळ्यांनाच हे आवडलं असं नाही. खोपीतल्या मुलांच्या शेजारी आमची मुलं बसवणार का, असं काहींनी सासूला विचारलं. सासू म्हणाली, “सोपो म्हजो. बसचें न्हय जाल्यार बसूं नाकात.” काही घरांतली मुलं आली नाहीत. पुढे त्यांतली बरीचशी आली, कारण मुलांना घरी बसवत नव्हतं.

खोपीतून येणाऱ्या मुलांत चार वर्षांचा एक मुलगा होता. आईबापांचा एकुलता. आई उंच, सावळी, कमी बोलणारी. पहिल्या दिवशी ती त्याला सोडायला आली तेव्हा पायरीवरून आत डोकावून तिने बराच वेळ ते पत्रे बघितले. मग मला विचारलं, “ह्यां सगळां तो शिकतलो?”

“शिकेल की.”

“माका एकसुदिक येणा नाय,” ती म्हणाली. त्यात लाज नव्हती, नुसतं सांगणं होतं. मग मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “बाई सांगती ता आयक हां.” आणि कामावर गेली.

मुलगा लवकर रुळला. त्याला ट्रकांचं फार वेड. मातीचा गोळा हातात दिला की तो ट्रकच करी, आणि तोंडाने आवाज काढत सोपाभर फिरवी. कुरळ्या केसांच्या मुलीशी त्याचं जमलं. ती आपल्या पावाचा मऊ भाग त्याला देई आणि कडक कवच स्वतः खाई. तिला कवचच आवडायचं, पण आपण त्यागच करतोय असा तिचा चेहरा असे. तो संध्याकाळी आईला शिकलेलं अक्षर जमिनीवर काढून दाखवतो, असं त्या आईनेच एकदा वाटेत मला सांगितलं. “माका पण ‘ग’ येता आता,” असंही सांगितलं, आणि पुढे गेली.

खोपीतली मुलं रोज एका घोळक्याने येत. एक थोरली मुलगी पुढे असे, ती ट्रक बघून सगळ्यांना रस्ता ओलांडून आणी. एकदा हा मुलगा तापाने पडला होता. आईने त्याला शेजारणीच्या खोपीत निजवलं आणि ती कामावर गेली. शेजारीण नुकती बाळंत झालेली, तिला उठता येत नव्हतं. घोळका निघून गेला. थोड्या वेळाने आम्ही सोप्यावर प्रार्थना सुरू केली. वारा पलीकडे जाणारा होता. मुलगा उठून बसला, शेजारणीला म्हणाला, “बालवाडी लागली,” आणि पळत सुटला. ती हाका मारत राहिली. हे सगळं तिने नंतर सांगितलं.

आम्हांला काही ऐकू आलं नाही. ट्रकांची घरघर दिवसभर असे, तिची सवय झाली होती. लक्षात आलं ते घरघर थांबली तेव्हा. मुलं गात होती आणि रस्ता गप्प झाला होता. सासू स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी मुलांना म्हटलं, गात राहा, आणि रस्त्याकडे गेले.

ज्या ट्रकाखाली तो आला तो ट्रक झोपाळा बांधून देणाऱ्या आमच्या शेजाऱ्याचा होता. समोरून येणाऱ्या ट्रकाच्या धुळीत त्याला मूल दिसलंच नव्हतं. मी पोचले तेव्हा तो रस्त्यावर बसून होता आणि मुलगा त्याच्या मांडीवर होता. तो कुणालाही हात लावू देत नव्हता. मग आपणच उठला, मुलाला उचलून दुसऱ्याच्या ट्रकात बसला आणि डिचोलीच्या इस्पितळाकडे घेऊन गेला. तिथे डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आईला बोलवायला माणूस गेला होता. ती आली तेव्हा रस्ता रिकामा होता, ट्रक दोन्ही बाजूंना रांगेने थांबलेले. ती त्या रांगेतून चालत आली. सासू पुढे झाली आणि तिला धरलं. त्यानंतरचं मला लिहिता येत नाही.

मुलाला ते आपल्या गावी घेऊन गेले. दिवस-कार्य करून नवरा-बायको परत आली. यायचं नव्हतं, पण काम इथेच होतं. ट्रकवाल्यावर केस झाली, तो सुटला, कारण चूक त्याची नव्हती हे सगळ्यांनीच सांगितलं. मुलाच्या बापानेही सांगितलं. पण ट्रकवाल्याने पुन्हा ट्रकाला हात लावला नाही. ट्रक विकून टाकला आणि वास्कोला बंदरावर कामाला गेला. बायको आणि मुलगी इथेच राहिली. तो सणासुदीला यायचा, तोही अंधार पडल्यावर शेवटच्या बसने, आणि उजाडताच निघून जायचा.

बालवाडी बंद पडली. कुणी बंद केली नाही. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही, तिसऱ्या दिवशी मी चटया घातल्या नाहीत. गावातल्या आया म्हणत, मुलं घरीच बरी. खोपीतली मुलं पुन्हा काजूच्या झाडाखाली गेली. सासूने पत्रे पुसून माळ्यावर ठेवले आणि सोप्यावर परत सुपारी पसरली. आम्ही दोघी त्याविषयी बोलत नसू. ती कधी कधी दुपारी चूल पेटवून पेजेचं मोठं भांडं चढवी आणि मग आठवण होऊन उतरवून ठेवी.

असे काही महिने गेले. चतुर्थी होऊन गेली होती. एका सकाळी मी अंगणात केर काढत होते आणि ती आई फाटकाशी उभी होती. घटना घडल्यापासून ती आमच्याकडे पहिल्यांदाच येत होती. मी केरसुणी टाकून पुढे गेले.

तीच म्हणाली, “बाई, बालवाडी कधी उघडतली?”

“आता कसली उघडते,” मी म्हटलं. “मुलांना पाठवायला लोक भितात. मलाही भीती वाटते.”

“पोरां पुन्ना बांधून घालतत थंय.”

“ठाऊक आहे.”

“मी घेवन येतंय तेंका,” ती म्हणाली. “रोज. येताना पण आणि जाताना पण. मुकादमाक विचारलंय.”

सासू दारात येऊन उभी होती, तिने ते ऐकलं होतं. ती खाली आली नाही. आत वळली आणि सोप्यावरच्या सुपाऱ्या गोळा करायला लागली. त्या पोत्यात पडताना वाजत होत्या, तेवढाच काय तो आवाज.

पुढच्या सोमवारपासून ती आई रस्त्यावर उभी राहू लागली. मुकादमाने तिला सकाळी उशिरा येऊ दिलं आणि दुपारी थोडा वेळ सोडायचं कबूल केलं, त्या बदल्यात संध्याकाळी सगळे गेल्यावर तिला थांबावं लागे. खोपीतली मुलं गोळा करून ती रस्त्याच्या कडेला आणी. मग एकटीच रस्त्याच्या मध्यभागी जाई आणि हात वर करी. ट्रक थांबत. सगळे ड्रायव्हर तिला ओळखत होते. काही जण तर इंजिनच बंद करत आणि मुलं पार होईपर्यंत समोर न बघता मांडीकडे बघत बसत. ती मुलांना आमच्या फाटकापर्यंत आणी, शेवटचं मूल आत गेलं की वळे आणि कामावर जाई.

त्यानंतर बालवाडीत ती कधी आली नाही. पायरीपर्यंतसुद्धा नाही. दसऱ्याला सरस्वतीची पूजा असे, तेव्हा सासूने तिला हाताला धरून आणायचा प्रयत्न केला. तिने हात हळूच सोडवून घेतला आणि आणलेली झेंडूची फुलं फाटकाच्या खांबावर ठेवली. “तुमी वाहा,” म्हणाली.

पहिल्या आठवड्यातच तिने मला विचारलं, “ती खंय? केसवाली?”

मला कुणाबद्दल विचारतेय ते कळलं. ट्रकवाल्याची मुलगी येत नव्हती. तिची आईच पाठवत नव्हती. मी तिच्या घरी एकदा जाऊन आले होते. ती म्हणाली होती, “त्या बायचे नदरेक म्हजें चेडूं पडूंक फावना.” त्या बाईच्या नजरेला माझी मुलगी पडू नये. मला ते पटलं होतं. मी परत गेले नव्हते.

मी एवढंच म्हटलं, “ती नाही येत.”

दुसऱ्या दिवशी मुलं सोडल्यावर ती कामावर जायला वळली नाही. “तेंचा घर दाखवा,” म्हणाली.

मी नको म्हटलं. ती चालायला लागली तेव्हा मीही निघाले, कारण तिला एकटीला जाऊ देणं मला बरं दिसेना. वाड्यावरच्या बायका आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ट्रकवाल्याची बायको विहिरीवर भांडी घासत होती. आम्हांला बघून ती उठली, राखेने भरलेल्या हातांनीच आत गेली आणि दार लोटून घेतलं.

ती आई अंगणात उभी राहिली. दार ठोठावलं नाही. मोठ्याने बोललीही नाही, शेजारच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, “गो बाय, चेडवाक पाठय. तेचो काय दोष?”

दार लोटलेलंच राहिलं.

“माज्या झिलाक ती पाव देय होती,” ती म्हणाली. “तो माका सांगी.”

मग आतून रडणं ऐकू आलं. ते बराच वेळ चाललं. ही तशीच उभी होती, मध्ये एकदा पदर सारखा केला. शेवटी दार उघडलं आणि मुलगी एकटीच बाहेर आली. आईने तिला आतून पुढे ढकललं असावं. केस विंचरलेले नव्हते. ती आधी माझ्याकडे आली, मग त्या आईकडे बघितलं. त्या आईने हात पुढे केला. मुलीने तो धरला नाही, पण तिच्या लुगड्याचा काठ मुठीत धरला आणि तशीच चालत आमच्या घरापर्यंत आली.

पुढे त्या मुलीचं घर रस्त्याच्या अलीकडेच असूनही ती रोज सकाळी लवकर येऊन रस्त्याच्या कडेला थांबायला लागली. ती आई मुलं घेऊन अलीकडे आली की तिचा हात धरून फाटकापर्यंत यायची. हे किती चाललं ते मी मोजलं नाही. ती मुलगी पहिलीत गेली, दुसरीत गेली. शाळा पलीकडच्या बाजूला, देवळाजवळ होती, म्हणजे आता तिलाच रस्ता ओलांडावा लागे. तीच बाई तिला ओलांडून देई. बालवाडीतून शाळेत गेलेली सगळीच मुलं तिच्याबरोबर जात. नवी मुलं येत, जुनी मोठी होत, ती तशीच उभी असे. तिला पुन्हा मूल झालं नाही. त्याविषयी मी कधी विचारलं नाही. माझी दोन मुलं तिनेच ओलांडून दिली.

मुलगी चौथीत असताना शाळेत कुणाशी तरी तिचं भांडण झालं आणि त्या भांडणात तिला ते सांगितलं गेलं. इतके दिवस गावाने कसं कोण जाणे, पण तिच्यापासून ते सांभाळलं होतं. आपल्याबरोबर चटईवर बसणारा मुलगा गेला हे तिला धूसर आठवत असेल. तो कुणाच्या ट्रकाखाली गेला आणि बाप वास्कोला का राहतो, हे तिला त्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवसापासून ती बाई उभी असे तिथून मुलगी गेली नाही. शेताच्या बांधावरून, पुढे ओहोळ आणि लांबवर रस्ता ओलांडून देवळाच्या मागून शाळेत जायला लागली. वाट तिपटीने लांब. पावसाळ्यात तर गुडघाभर चिखल. आईने मारलं तरी ऐकलं नाही.

चार-पाच दिवसांनी एकदा सकाळी ती बाई मला म्हणाली, “तेका कळला काय?”

मी मान डोलावली.

“मोठा झाला चेडू,” ती म्हणाली. त्या दिवशी मुलं फाटकात शिरल्यावरही ती बराच वेळ गेली नाही. माझं तिच्याकडे लक्ष होतं. बांध दिसतो त्या दिशेला तोंड करून ती उभी होती. तिचा मुलगा गेला तेव्हा मी तिला सासूच्या मिठीत पाहिलं होतं. पण त्या सकाळी फाटकाजवळ ती मला जास्त एकटी वाटली.

त्यानंतर गावात त्यांची पुन्हा भेट झाली असेल तर ती मला माहीत नाही. मुलगी सातवीनंतर बापाकडे वास्कोला शिकायला गेली.

मग बरंच काही बदललं. मिनाच्या ट्रकांसाठी गावाबाहेरून वेगळा रस्ता झाला. त्याच सुमारास सरकारची अंगणवाडी आली, पक्की खोली, कामाला शिकलेली बाई, खाऊ सरकारकडून. ते चांगलंच झालं. ज्यासाठी आम्ही धडपडलो ते आता कुणाकडे मागावं लागत नव्हतं. मी आमच्या चटया आणि पत्रे अंगणवाडीच्या बाईला नेऊन दिले. चटया तिने घेतल्या. पत्र्यांचे कोपरे मुलांना लागतील म्हणाली, आणि ते खरंच होतं. सासू त्याआधीच गेली होती. शेवटच्या दिवसांत सोप्यावर खाट टाकून पडलेली असे आणि मुलांचा गोंगाट थांबला की विचारी, काय झालं. सोपा रिकामा झालेला तिने बघितला नाही, हे एक बरं झालं.

रस्त्यावर ट्रक राहिले नव्हते. तरी ती बाई काही दिवस येत होती. मधूनच एखादी मोटरसायकल जाई, तिला हात करून थांबवी आणि मुलांना पार करी. मोटरसायकलवाला हसे. एक दिवस ती आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. नवऱ्याची छाती धुळीने भरून आली होती, त्याला काम होत नव्हतं. ती दोघं आपल्या गावी परत गेली. जायच्या आदल्या दिवशी ती येऊन गेल्याचं माझ्या यजमानांनी सांगितलं. मी माहेरी पार्स्याला गेले होते.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी एका रविवारी दुपारी आमच्या दारात एक बाई उभी. कुरळे केस घट्ट बांधलेले, हातात पर्स. मी ओळखलं नाही. तिने वाड्याचं नाव सांगितलं तेव्हा ओळखलं. वास्कोला नोकरी करत होती, लग्न झालं होतं, स्वतःची मुलगी बालवाडीत जायला लागली होती. चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, “काकी, त्या बाई कुठे असतात ते तुम्हांला माहीत आहे का?”

गाव मला माहीत होता. दोडामार्गाच्या पुढे. “कशाला?” मी विचारलं.

“मला त्यांच्याशी बोलायचंय.” जरा थांबून म्हणाली, “मी तेव्हा त्यांना टाळलं. काही न सांगता.”

“तू मूल होतीस.”

“हो,” ती म्हणाली. पण ते तिला पुरत नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी गेलो. डिचोलीहून बस, मग दुसरी बस, मग पायी. ती बाई भावाच्या घराच्या एका कडेला राहत होती. नवरा वारला होता. ती पडवीत काजू बिया निवडत बसली होती. मला तिने लगेच ओळखलं. उठायला लागली, पण गुडघे साथ देत नव्हते. मुलीकडे तिने एकदा बघितलं, केसांकडे बघितलं, आणि बसायला पाट सरकवला.

मुलगी बसली. तिच्या मनात जे होतं ते सांगायला ती इतक्या लांब आली होती, बसमध्ये मला दोनदा बोलून दाखवलं होतं, पण आता ती नुसती हातातली पर्स उघडत-मिटत बसली. बाई मलाच इकडचंतिकडचं सांगत राहिली. माकडं काजू टिकू देत नाहीत. भावजय चांगली आहे. डोळ्यांना आता कमी दिसतं. जवळ अंगणवाडी आहे, पण ती तिकडे जात नाही. मी आमच्या गावच्या गोष्टी सांगितल्या. मिनं बंद पडली म्हटलं तेव्हा तिने नुसतं “होय?” केलं.

भावजयीने सरबत आणून दिलं. आता निघायला हवं, बस चुकेल, असं मी म्हटलं. मुलगी उठली आणि वाकून तिच्या पाया पडली. तेव्हा बाईने पहिल्यांदा तिच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, “बापूस कसो आसा?”

मुलगी तशीच वाकलेली राहिली. मग म्हणाली, “गेले. गेल्या वर्षी.”

बाईचा हात पाठीवरच होता. “आजारी होतो?”

“हो. बरेच दिवस.”

“माका कोणी कळवल्यान नाय,” ती म्हणाली. सुपातल्या बिया तिने एका बाजूला केल्या आणि भिंतीचा आधार घेतला. “मी इलंय आसतंय.” त्याच्या दिवसांना ती आली असती.

मुलगी तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. इतक्या वर्षांत मी त्या बाईला रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही ती रडली नाही. तिने मुलीचं डोकं आपल्या गुडघ्यावर घेतलं आणि तिच्या केसांतून बोटं फिरवत बसली. मी अंगणात जाऊन उभी राहिले. आमची बस गेल्याचं मला तिथून ऐकू आलं.